खुर्ची दिली, पुढे काय?

वाचकहो, गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवार होता, बाजाराचा दिवस. दवाखान्यात नेहमीप्रमाणे गर्दी. दुपारी दीडच्या सुमारास जवळच्या एका खेड्यातून दोन भाऊ आपल्या वडिलांना टेंपोत घालून घेऊन आले. हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडले. मानेच्या मणक्याला मार बसला. पाय कायमचे गेले, हातांत थोडेफार बळ राहिले. अंगात ताप होता. कुशीवर वळवून पाहिले, तर बैठकीच्या हाडावर मुठीएवढी जखम. आत हाड दिसत होते. वास तर असा, की बाहेर बसलेल्या पेशंटांनी नाकाला रुमाल लावले.

"दिवसभर कुठे बसतात हे?" मी विचारले.

"पडवीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत," थोरला म्हणाला. "सकाळी बसवतो, सांजेला उचलतो. काय करणार डॉक्टर, आम्हाला रानात जावं लागतं."

"अहो, पण यांना बॅटरीवरची खुर्ची मिळाली होती ना? पेपरात फोटो पाहिल्याचं मला आठवतंय."

"मिळाली की. गोठ्यात हाय. बॅटरी बसली तिची. पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच. आता कडब्याच्या पेंढ्या ठेवतो तिच्यावर."

त्या गृहस्थांना मी तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात पाठवले. कागदावर निदान लिहिले बेडसोअर आणि जंतुसंसर्ग. परंतु मनात वेगळेच निदान होते. या माणसाचा खरा आजार जखम नव्हता, बंद पडलेली बॅटरी होती. खुर्ची चालत होती तोवर हा माणूस मळ्यापर्यंत जात होता, पारावर बसत होता, गादीवर बसत होता आणि अंग हलवत होता. खुर्ची बंद पडली आणि तो जागेवर खिळला.

आरोग्याच्या सदरात बॅटरीचे आणि चाकांचे काय काम, असे काहींना वाटेल. नियमित वाचकांना ठाऊक आहे की हे सदर मी गेली नऊ वर्षे अशाच एका खुर्चीत बसून लिहितो. रस्त्यावरच्या अपघातात माझ्याही मानेला इजा झाली. छातीखाली संवेदना नाही, मनगटात जोर नाही, त्यामुळे साधी ढकलायची खुर्ची मला हाताने फिरवता येत नाही. उजव्या हाताने एक दांडी पुढेमागे करता येते, तेवढ्या बळावर मी दवाखाना चालवतो. म्हणून आजचा विषय माझ्या अधिकारातला आहे, आणि माझ्या चुकांमधून शिकलेला आहे.

वाहनही आणि अवयवही

बॅटरीवरच्या खुर्चीचा जन्म झाला तो जखमी सैनिकांसाठी. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा होऊन हातपाय गमावलेल्या कॅनडाच्या सैनिकांसाठी तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले इंजिनियर जॉर्ज क्लाइन यांनी अशी खुर्ची तयार केली. पुढे १९५६ पासून अमेरिकेत एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या कंपनीने ती कारखान्यात बनवायला घेतली. आज आपल्याकडेही ती मिळते. स्वस्तही मिळते आणि महागही. आपल्याकडे नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने हा शब्द घराघरांत नेला. पण खुर्ची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फर्निचर येते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. फर्निचरला देखभाल लागत नाही. एकदा आणले की झाले.

बॅटरीवरची खुर्ची हे फर्निचर नव्हे. दोन मोटरी, ब्रेक, बॅटरी आणि माणूस मिळून सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे ते वाहन आहे. आणि या वाहनाचा चालक असा, की संकट आले तर त्याला उडी मारून बाजूला होता येत नाही. दुसरीकडे तो चालकाचा अवयवही आहे. पायाला लागले तर आपण त्याच दिवशी मलम लावतो, चाकाला लागले तर मात्र ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणतो. माझे सांगणे एवढेच आहे की या खुर्चीची काळजी हा उपचाराचाच भाग मानावा. आणि जो कोणी खुर्ची देतो, मग ते सरकार असो, संस्था असो की पुढारी असोत, त्याने देखभालीची सोय केल्याशिवाय आपण उपचार केला असे म्हणू नये.

माझा अपघात

खुर्ची आल्यानंतरचे दुसरे वर्ष. आदल्या रात्री वीज गेली होती, चार्जिंग अर्धवट राहिले. सकाळी पाहिले तर दिव्यांच्या पट्टीतले निम्मे दिवे लागत होते. ‘होईल तेवढ्यात’ असे म्हणून मी दवाखान्यात गेलो. संध्याकाळी परतताना कोपऱ्यावरच खुर्ची थांबली. पुतण्या बरोबर होता. त्याने मागे वाकून मोटरींची पकड सोडवणारे दोन्ही दांडे वळवले. खुर्ची हाताने ढकलायची असली की ते वळवावे लागतात. आमचे मेकॅनिक त्याला सरळ ‘क्लच’ म्हणतात. मला ढकलत त्याने घरापर्यंत आणले, दाराच्या उतारावर चढवले आणि म्हणाला, "काका, एक मिनिट हं, फाटकाची कडी काढतो." असे म्हणून त्याने हात सोडला.

पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. या खुर्च्यांना बहुधा वेगळा हातब्रेक नसतो. मोटरीतच विजेवर चालणारा ब्रेक असतो. आपण दांडी सोडली, किंवा खुर्ची बंद केली, की तो आपोआप लागतो. म्हणून नेहमी खुर्ची जागच्या जागी थांबते. पण क्लच सोडवला की मोटर आणि चाक यांचा संबंध तुटतो, आणि बहुतेक खुर्च्यांत त्याबरोबर ब्रेकही जातो. मग ती नुसती चाकांवरची जड गाडी. हे मला माहीत होते. पुतण्याला माहीत नव्हते, कारण मी सांगितलेच नव्हते.

खुर्ची उताराने मागे गेली, गटाराच्या कडेला अडली आणि कलंडली. मी बाहेर फेकला गेलो. कमरेला पट्टा नव्हता. दोन घरे सोडूनच्या माणसांनी उचलून आत नेले. कुठे दुखत नाही म्हणून सर्वांनी देवाचे आभार मानले, मीही मानले. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना पत्नीला डावी मांडी सुजलेली दिसली. एक्स-रे काढला तर मांडीचे हाड मोडलेले. वर्षानुवर्षे न वापरलेले हाड ठिसूळ होते आणि छातीखाली मला वेदना कळत नाही. डॉक्टर असूनही मी रात्रभर मोडलेल्या हाडावर झोपलो होतो. सर्व वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. अशा माणसाच्या पडण्यानंतर ‘दुखत नाही ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. अंग डोळ्यांनी तपासावे लागते.

मेकॅनिककाकांचा धडा

मांडीला प्लॅस्टर घालून पडलो असताना शेजारचे काका भेटायला आले. एस. टी.च्या डेपोत पस्तीस वर्षे मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि खुर्चीकडे जास्त वेळ. पुढची छोटी चाके हाताने फिरवून पाहिली. त्यांच्या आसाभोवती केसांचा आणि दोऱ्यांचा गुंता झाला होता. मागचे एक चाक मऊ लागले. आर्मरेस्टचा बोल्ट बोटाने फिरत होता.

"डॉक्टर, डेपोतून गाडी काढायच्या आधी ड्रायव्हर चाकं बघतो, ब्रेक बघतो. तुम्ही रोज काय बघता?"

"काही नाही," मी खरे ते सांगितले.

"मग गाडीचा काय दोष?"

त्या दिवशी मी अपघाताचा पंचनामा केला. बॅटरी अपुरी असताना निघालो, ही पहिली चूक. पट्टा बांधला नाही, ही दुसरी. घरच्यांना क्लच समजावून सांगितला नाही, ही तिसरी. आणि चौथी होती खुद्द उतार. आमच्या दाराची उंची चौदा इंच. उताराचा सर्वमान्य नियम असा, की जितके इंच उंची तितके फूट लांबी, म्हणजे एकास बारा. म्हणजे चौदा फूट उतार हवा होता. गवंड्याने केला होता पाच फूट. जागा वाचवली म्हणून मीच त्याची पाठ थोपटली होती! आता चौदा फुटांचा उतार भिंतीच्या कडेने वळवून केला आहे, मधे सपाट जागा सोडली आहे आणि दोन्ही कडांना चार बोटे उंच कठडा आहे.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहा मिनिटे काका आणि पुतण्या माझ्या खुर्चीची तपासणी करतात. ही यादी वाचकांनी कापून भिंतीवर लावावी. टायरमध्ये हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, कारण एक चाक मऊ असेल तर खुर्ची एका बाजूला ओढते. पुढच्या चाकांतले केस आणि दोरे काढले ना. नट-बोल्ट घट्ट आहेत ना. पायफळ्या हलत नाहीत ना. वायरींचे वरचे आवरण कुठे घासले, उंदराने कुरतडले नाही ना. क्लच ‘लागलेला’ आहे ना, आणि सपाट जागेवर दांडी सोडताच खुर्ची थांबते ना. गादी नीट आहे ना. बस्स! तेल मात्र दिसेल तिथे घालायचे नाही. आणि विजेच्या जोडणीला हात लावण्यापूर्वी खुर्ची बंद, चार्जर काढलेला.

बॅटरी म्हणजे अन्नपाणी

बंद पडलेल्या दहा खुर्च्या तपासल्या तर बहुतेकींचे दुखणे बॅटरीत सापडते, असा माझा अनुभव. जुन्या पद्धतीच्या खुर्चीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करतात. त्या बंद पेटीच्या, आम्ल न सांडणाऱ्या असतात. त्यांना पाणी घालायचे नसते. त्या बदलताना दोन्ही एकदम बदलाव्यात. एक जुनी आणि एक नवी जोडली तर जुनी नवीला घेऊन बुडते. स्वस्त पडते म्हणून मोटारगाडीची बॅटरी बसवणारे महाभाग आहेत. तसे करू नये. मोटारीची बॅटरी एका झटक्यात इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते, तासन् तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी नव्हे. शिवाय पाण्याची बॅटरी कलंडली तर आम्ल सांडते आणि संवेदना नसलेल्या पायावर सांडलेले आम्ल कळतही नाही.

अशी बॅटरी रिकामी ठेवली की मरते. रोज वापरली तर रोज पूर्ण भरावी. पाहुणचाराला महिनाभर गावी गेलात तरी कोणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा चार्ज करून घ्यावी. त्या गोठ्यातल्या खुर्चीचे नेमके हेच झाले होते. पावसाळ्यात चार महिने वापर नाही, चार्जिंग नाही, आणि दिवाळीला बॅटरी दगड! नव्या खुर्च्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येतात. त्या हलक्या आणि टिकाऊ असतात, पण त्यांचा चार्जर त्यांचाच हवा. बॅटरी फुगली, आपटली किंवा भिजली असेल तर चार्ज करू नये. ती घरातली माणसे जागी असताना चार्ज करावी.

कोणतीही बॅटरी असो, पलंगाजवळ, देवघराच्या समईजवळ, गॅसजवळ किंवा घराबाहेर पडायच्या एकुलत्या वाटेवर चार्जिंगला लावू नये. आग लागली तर अपंग माणसाची वाट अडू नये, इतका साधा विचार. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात कोंबू नये. वीज गेली-आली की चार्जरचा दिवा एकदा पाहावा. माझ्यासारखे गृहीत धरू नये.

चालवताना

नव्या माणसाने पहिले पंधरा दिवस अंगणात, सर्वांत कमी वेगावर चालवावी. मीही पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या दोन बरण्या फोडल्या आणि आमच्या मातोश्रींच्या पायावर चाक घातले.

चढ असो की उतार, सरळ जावे. तिरपे जाऊ नये आणि मध्यावर वळू नये. चढताना अंग पुढे झुकवावे. उतरताना वेग कमी ठेवावा. मागची दोन लहान चाके ‘उगीच अडतात’ म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. ती खुर्ची मागे उलटू नये म्हणून असतात. उंबरठा सरळ समोरून ओलांडावा. पलंगावर जाताना किंवा पलंगावरून येताना आधी खुर्ची बंद करावी, मग पायफळ्या वर कराव्यात. सदऱ्याची बाही दांडीत अडकून खुर्ची अचानक निघाल्याने माणूस मधल्यामधे पडलेला मी पाहिला आहे. चालत्या खुर्चीचे बटण मात्र बंद करू नये. ती जागच्या जागी धक्का देऊन थांबते आणि माणूस पुढे जातो. नुसती दांडी सोडावी. अर्थात खुर्ची आपोआप, भलतीकडे चालू लागली तर बटण दाबण्यावाचून इलाज नाही. १९९४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खुर्च्यांवर रेडिओ लहरींचा परिणाम होऊ शकतो, हा इशारा छापायला कंपन्यांना सांगितले होते. पुढच्या काळात खुर्च्या सुधारल्या, तरीही वॉकीटॉकीसारखे यंत्र दांडीजवळ चालवू नये हे बरे.

आमच्या मायभगिनींना एक सांगणे. साडीचा पदर, ओढणी, शाल हे सगळे मांडीखाली खोचून मगच निघावे. चाकात गेलेला पदर गळ्यापर्यंत ओढला जातो. आणि घरातल्या मुलांना ‘एक चक्कर’ म्हणून खुर्ची देऊ नये, कितीही लाडाची असली तरी.

रस्त्यावर आपण बसलेले असतो, ट्रकवाल्याच्या नजरेखाली असतो. म्हणून पाठीमागे चमकणारी पट्टी, संध्याकाळी दिवा आणि मुलांच्या सायकलीला असतो तसा काठीवरचा झेंडा. पहिल्यांदा लाज वाटते. मलाही वाटली. आता गावातली मुले झेंडा पाहून ‘डॉक्टर आले’ म्हणतात.

पावसाचे वेगळे सांगायला नको. दांडीच्या मुळाशी पाणी गेले की खुर्ची गेली. माझ्या दांडीवर जून ते सप्टेंबर दुधाच्या पिशवीचे टोपडे असते. साचलेल्या पाण्यात घालू नये. भिजली तर पूर्ण वाळेपर्यंत ना चालवावी, ना चार्ज करावी.

कोणी म्हणेल, शहाण्या माणसाला इतके सांगावे लागत नाही. त्यांना स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण देतो. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईला आले होते. त्यांची खुर्ची तेव्हा साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. आपल्या साठाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी या महान शास्त्रज्ञाची खुर्ची भिंतीवर आदळली आणि खुब्याचे हाड मोडले. विश्वाची कोडी सोडवणाऱ्यालाही भिंत सूट देत नाही, तिथे तुमची आमची काय कथा!

खुर्ची चालते, कातडी बसून राहते

आता माझ्या मूळ पेशाकडे येतो. खुर्ची कितीही फिरली तरी आपली बैठक एकाच जागी दाबलेली असते. रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरते. निरोगी माणूस नकळत दर काही मिनिटांनी चुळबुळ करतो. संवेदना गेलेला माणूस करत नाही. म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे झुकून किंवा एका कुशीला कलून एक-दोन मिनिटे दाब हलका करायचा. ज्यांच्या खुर्चीची बैठक मागे कलते त्यांनी ती कलवायची. रोज रात्री आरशाने किंवा घरच्यांच्या डोळ्यांनी बैठक, माकडहाड आणि टाचा पाहायच्या. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून कढत किंवा टणक जागा शोधावी. डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसणे बंद, आणि डॉक्टरकडे.

रबराची हवेची गोल रिंग वापरू नये. एकेकाळी मी स्वतः ती लिहून देत असे, याची कबुली देतो. रिंगच्या कडेचा दाब भोवतालचे रक्त अडवतो आणि मधला भाग अधिक उपाशी पडतो. चांगली, दाब पसरवणारी गादी घ्यावी. खुर्ची मापाची असावी. अंगापेक्षा मोठ्या खुर्चीत माणूस एका बाजूला कलून बसतो, आणि त्या बाजूला जखम होते. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून लुळे झाले. पुढे श्वासाने चालणारी उत्तम खुर्ची ते वापरत. ऑक्टोबर २००४ मध्ये ते गेले तेव्हा अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर बेडसोअरमधील जंतुसंसर्गाचे उपचार सुरू होते. पैसा, नर्सेस, यंत्रे, सर्व काही हाताशी असताना. मग पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची काय कथा?

आता देणाऱ्यांना चार शब्द

अपंगांना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरला कृत्रिम अवयव बनवणारा सरकारी कारखाना १९७२ पासून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. सेवाभावी संस्था आहेत, दानशूर आहेत. देणारे हात कमी नाहीत, आणि त्या हातांबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती देण्याच्या पद्धतीबद्दल. मांडव, हार, भाषण, फोटो, आणि टेंपोत खुर्ची. ती घेणाऱ्याच्या मापाची आहे का? त्याच्या दारातून आत जाते का? क्लच कोणता ते कोणी दाखवले का? बॅटरी बसली तर कुणाकडे जायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साध्या, हाताने ढकलायच्या खुर्च्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. माप आणि तपासणी आहे, अंगाला बसवून पाहणे आहे, सातवी पायरी वापराचे शिक्षण आणि आठवी पाठपुरावा, देखभाल व दुरुस्ती. साध्या खुर्चीला आठ पायऱ्या, तर मोटरच्या खुर्चीला किती हव्यात? आपण बहुतेक वेळा मधल्या पायरीवर थांबतो. फोटो काढण्याची पायरी त्या आठांत नाही.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले असे, की फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये. औषध फुकट दिले म्हणून मुदत संपलेले चालेल का? दुसरे उत्तर पैशाचे. त्यात तथ्य आहे. बॅटरीची जोडी गरिबाच्या आवाक्याबाहेरची असते, आणि दर दोन-तीन वर्षांनी ती लागतेच. परंतु ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी, असा शासनाचाच दंडक आहे. त्यातून वर्षातून एकदा नव्या खुर्च्या वाटण्याऐवजी निम्मी रक्कम जुन्या खुर्च्या चालत्या ठेवण्यावर खर्च केली, तर अधिक माणसे चालती राहतील. तालुक्याच्या आय. टी. आय.मध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेणारी मुले आहेत. इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षा दुरुस्त करणारी पोरे आता गावोगाव आहेत. बॅटरी तीच, चार्जर तसाच, मोटरही त्याच जातीची. महिन्यातून एक दिवस, एक खोली, दोन मुले आणि काही सुटे भाग. एवढ्यावर तालुक्याचे दुरुस्ती केंद्र चालेल. आमचे मेकॅनिककाका म्हणतात, "मी फुकट शिकवतो, पोरं आणा."

माझी मागणी साधी आहे. यापुढे जी खुर्ची दिली जाईल तिच्याबरोबर माप, घरच्यांसह शिक्षण, दुसऱ्या बॅटरीची हमी आणि दुरुस्तीचा पत्ता या चार गोष्टी द्याव्यात. चार देता येत नसतील तर दहाऐवजी सहा खुर्च्या द्याव्यात, पण पुऱ्या द्याव्यात.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. धाकट्या मुलाने कडबा हलवून खुर्ची काकांकडे आणली. काकांनी दोन दिवस खपून ती साफ केली, वायरी बदलल्या. बॅटरीचे पैसे गावातल्या तरुण मंडळाने दिले. खुर्ची आता उत्तम चालते. मंगळवारी धाकटा मला सांगायला आला होता.

"मग बसले का बाबा?" मी विचारले.

"कुठलं डॉक्टर! जखम भरेपर्यंत बसायचंच नाही म्हणून सांगितलंय मोठ्या डॉक्टरांनी. काही महिने पालथंच झोपायचं. खुर्ची खाटेजवळ लावून ठेवलीय. तिच्याकडे बघत असतात."

बॅटरी वेळेवर आली असती तर त्या माणसाचे हे महिने वाचले असते. आपल्या ओळखीत, शेजारात, गोठ्यात, जिन्याखाली अशी एखादी खुर्ची झाकून ठेवलेली असेल. वाचकहो, या रविवारी तिच्यावरचे पोते काढा आणि दहा मिनिटे तिच्याकडे बघा. ती ज्याची आहे, तो माणूसही तितक्याच वेळ तुमच्याशी बोलेल.